देबूजींच्या घरचे बारसे

१९७७ साली राजदत्तांचा ‘देवकीनंदन गोपाला’ हा चित्रपट आला. डॉ. श्रीराम लागूंनी त्यात गाडगेबाबांचे काम केले. खराटा आणि गाडगे सर्वांच्या लक्षात राहिले. मला मात्र त्याआधीचा, शेतात राबणारा देबूजी जवळचा वाटतो. कामगारांत आयुष्य गेलेल्या माणसाला त्याचे दुखणे ओळखीचे आहे.

देबूजीचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, आपल्याच अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचा. घर परटाचे. बाप झिंगराजी दारूत बुडाला आणि गेला. आई सखुबाई पोराला घेऊन दापुऱ्यास माहेरी आली. तेथे संसार सावरतो न सावरतो तोच सावकाराच्या कागदाने मामाची जमीन गिळली. एक घर दारूने नागवले, दुसरे कर्जाने.

पुढे देबूजीला मुलगी झाली. बारशाला जातभाईंना मटण आणि दारू द्यावी, ही रीत. हात रिकामा असला तर कर्ज काढावे, पण रीत मोडू नये! म्हणजे ज्याला स्वतःला थेंबही नको, त्यालाही दारू विकत घेणे भाग. देबूजीने पंगतीला गोडाचे जेवण वाढले. माझ्या मते बाबांचे पहिले कीर्तन तेच. १ फेब्रुवारी १९०५ रोजी घर सोडल्यावर त्यांनी गावोगाव सांगितले तेही तेच: दारू पिऊ नका, कर्ज काढून सण करू नका. ही दोन वाक्ये त्यांनी कधी वेगळी केली नाहीत.

आपल्या मेळघाटाला हे विशेष लागू आहे. कोरकूंना मोह हे अन्नही, आणि देवापुढचे मद्यही. इंग्रजी अमलात जंगल राखीव झाले, दारूचे ठेके लिलावात गेले आणि घरचा मोह सरकारी उत्पन्नाची बाब बनला. एवढे विसरून कोरकूला नुसते ‘दारुडा’ म्हणणे मला पटत नाही.

तरुणपणी मीही तसाच होतो. पगाराच्या संध्याकाळी गुत्त्याच्या दारात उभा राहून कामगारांना खडसावीत असे. एकदा एक हमाल शांतपणे म्हणाला, “भाऊ, गुत्ता सोडतो मी. पन उधारीचा किराणा कोन देईन मंग?” गुत्ता आणि किराणा एकाच मालकाचे होते. मला ते ठाऊकच नव्हते.

त्या दिवसापासून मी गुत्त्याच्या दारात उभा राहिलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जाऊन उधारीची वही पाहिली.