निकोडेमस : गाव कुठाय?

मंडळी, या शनिवारी जरा लांबच्या गावाला जाऊ.

अमेरिकेच्या नकाशात कॅन्सस राज्य शोधा, साधारण मधोमध सापडेल. त्याच्या वायव्य भागात ग्रॅहॅम नावाची काउंटी आहे आणि तिथे २४ नंबरच्या हायवेला लागून निकोडेमस नावाचा एक ठिपका आहे. आजूबाजूला प्रेअरी. म्हणजे मैलोन् मैल गवताळ माळ, आणि आता त्या माळावर गव्हाची शेतं. झाड दिसलंच तर ओढ्याकाठी. निकोडेमसमध्ये कायमची राहणारी माणसं आज वीस-पंचवीसच्या आत. गाडी जरा जोरात असेल तर गाव कधी आलं आणि कधी गेलं ते कळायचंही नाही.

तरीही अमेरिकन सरकारने हे अख्खं गाव राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून जाहीर केलंय. का, ते सांगतो.

सुरुवात केंटकीपासून. यादवी युद्धात केंटकी राज्य फुटून दक्षिणेच्या बाजूला गेलं नव्हतं. त्यामुळे लिंकनचा १८६३चा मुक्तीचा जाहीरनामा तिथे लागू झालाच नाही. तिथली गुलामगिरी कायद्याने संपली ती थेट डिसेंबर १८६५ मध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. बेड्या तुटल्या, पण जमीन मालकाचीच राहिली. राबायचं त्याच शेतात, फक्त आता कुळ म्हणून. वर रात्री-अपरात्री घोड्यावरून येऊन दहशत घालणाऱ्या टोळ्या होत्याच. आपल्याकडे जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण मुक्त झालेल्या त्या माणसांचं पुढे काय झालं, हे आपण सहसा विचारत नाही. निकोडेमस हे त्या प्रश्नाचं एक छोटंसं उत्तर आहे.

१८६२च्या होमस्टेड कायद्याने पश्चिमेकडची १६० एकर सरकारी जमीन जवळजवळ फुकट मिळत होती. अट एवढीच की पाच वर्षं तिथे राहायचं आणि जमीन कसायची. हे हेरून १८७७च्या एप्रिलमध्ये एक कंपनी स्थापन झाली. तिच्यात डब्ल्यू. आर. हिल नावाचा इंडियानाचा गोरा जमीन-दलाल होता. अध्यक्ष मात्र डब्ल्यू. एच. स्मिथ हा कृष्णवर्णीय गृहस्थ. हिल केंटकीतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधून फिरला. सुपीक जमीन, भरपूर शिकार, स्वतःचं गाव, असं चित्र त्याने रंगवलं. गावातल्या प्लॉटसाठी पाच डॉलर भरायचे. (हिलची जाहिरात आणि आजचं 'स्टेशनपासून फक्त दहा मिनिटे', दोन्हींची जातकुळी एकच!) या हिलने जवळच आणखी एक गाव वसवलं आणि त्याला स्वतःचं नाव दिलं. ते हिल सिटी आज काउंटीचं मुख्य ठिकाण आहे.

सप्टेंबर १८७७ मध्ये तीनशेहून जास्त माणसं केंटकीहून निघाली. रेल्वेने एलिस या स्टेशनपर्यंत आली आणि तिथून पुढे जवळपास ५५ किलोमीटर माळ तुडवत गेली. पोचल्यावर बघतात तर काय, गावच नाही! घरं नाहीत, रस्ता नाही, घर बांधायला लाकूड नाही.

पुढच्या वसंत ऋतूत आलेल्या एका तुकडीत विलियाना हिकमन नावाची बाई होती, एका पाद्र्याची बायको. तिने म्हातारपणी सांगितलेली आठवण प्रसिद्ध आहे. बरोबरचे पुरुष ओरडले, ते बघा निकोडेमस! ती आजारी होती, उठून बसली आणि बघायला लागली. तिला काहीच दिसेना. तिने नवऱ्याला विचारलं, गाव कुठाय? त्याने बोट दाखवलं. जमिनीतून धूर येत होता. लोक खड्डे खणून, वर गवत-मातीचं छप्पर घालून आत राहत होते. तो धूर म्हणजेच गाव. बाईला रडू कोसळलं.

बरीच कुटुंबं ते दृश्य बघून माघारी फिरली. जी राहिली त्यांचा पहिला हिवाळा भयंकर गेला. पेरणीचा हंगाम टळून गेलेला, अवजारं नाहीत, जनावरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. जळणाला रानरेड्यांचं वाळलेलं शेण आणि सूर्यफुलांची धाटं. गोवऱ्यांवर स्वयंपाक झालेल्या घरातल्या कुणालाही हे लगेच कळेल. पुरुष लांबवर रेल्वेच्या कामावर चालत जात, मजुरी आणत.

आणि त्या हिवाळ्यात त्यांना मदत केली ती शिकारीहून परतणाऱ्या ओसेज जमातीच्या लोकांनी. आपल्याकडचं अन्न त्यांनी वाटून दिलं. या ओसेज लोकांनाच त्याआधी काही वर्षांपूर्वी सरकारने कॅन्ससमधून हलवून दक्षिणेला पाठवलं होतं. म्हणजे या माळावर होमस्टेडसाठी 'मोकळी' जमीन मिळत होती ती अशा अनेक जमातींना उठवूनच. गुलामगिरीतून सुटलेल्यांना जगवलं ते जमिनीवरून उठवलेल्यांनी. इतिहासात चांगली बाजू आणि वाईट बाजू अशा दोन सरळ फाइली नसतात, त्या अशा एकमेकींत घुसलेल्या असतात.

असो. तर गाव तगलं. नुसतं तगलं नाही, उभं राहिलं. झेड. टी. फ्लेचर हा पहिला पोस्टमास्तर, त्याने दुकान काढलं, मग सेंट फ्रान्सिस हॉटेल. त्याची बायको जेनी हिने शाळा सुरू केली, तीही सुरुवातीला जमिनीखालच्या घरातच. विचार करा, ज्यांना गुलाम असताना अक्षरओळखही होऊ नये अशी व्यवस्था होती, त्यांनी राहायला धड घर व्हायच्या आधी शाळा भरवली. पुढे काउंटीत शाळांना नंबर दिले गेले तेव्हा निकोडेमसच्या शाळेचा नंबर होता एक.

१८७८ साली एडवर्ड मकेब नावाचा तरुण इथे आला. १८८० मध्ये ग्रॅहॅम काउंटी रीतसर स्थापन झाली तेव्हा तो तिचा पहिला कारकून झाला. कारकून म्हणजे आपल्या ऑफिसातला नव्हे, जमिनीची आणि कारभाराची सगळी दप्तरं सांभाळणारा अधिकारी. १८८२ मध्ये तो कॅन्सस राज्याचा ऑडिटर म्हणून निवडून आला आणि १८८४ मध्ये पुन्हा निवडून आला. राज्यभरातल्या, बहुसंख्य गोऱ्या मतदारांच्या मतांवर!

१८८०च्या दशकाच्या मध्यावर गाव आणि आजूबाजूची शेतं मिळून काही शे लोकांची वस्ती होती. दोन वर्तमानपत्रं, बँक, हॉटेलं, दुकानं, चर्च, बेसबॉलची टीम, बँड, साहित्य मंडळ... सगळं आलं. काही गोरे दुकानदारही इथे धंदा करत होते. दहा वर्षांपूर्वी जिथे नुसता धूर होता, तिथे.

आता एकच गोष्ट हवी होती. रेल्वे.

प्रेअरीवर रेल्वे म्हणजे हौस नव्हती. गहू पिकवला तरी तो बाजाराला न्यायचा कसा? बैलगाडी-घोडागाडीने दिवसेंदिवस वाहतूक करून उरणार काय? ज्या गावात स्टेशन तिथे धान्याचं कोठार, तिथेच बँक, तिथेच बाजार. हे कंपन्यांनाही चांगलं ठाऊक होतं, त्यामुळे त्या गावांकडून पैसे मागत. मार्च १८८७ मध्ये निकोडेमसच्या मतदारांनी मिसुरी पॅसिफिक रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे कर्जरोखे काढायला मंजुरी दिली. दहा वर्षांपूर्वी गोवऱ्या वेचणाऱ्यांनी १६,००० डॉलरचं कर्ज अंगावर घ्यायची तयारी दाखवली, यावरून गरज किती होती ते समजा.

पण मिसुरी पॅसिफिक आली नाही. १८८८ मध्ये आली ती युनियन पॅसिफिक, आणि तिने रूळ टाकले सॉलोमन नदीच्या पलीकडच्या, दक्षिणेकडच्या काठाने. निकोडेमस उत्तरेला. आठ-दहा किलोमीटरवर रेल्वे कामगारांचा तळ पडला आणि त्याचं बोग नावाचं गाव झालं. निकोडेमसचे व्यापारी एकेक करून बाडबिस्तरा उचलून बोगला गेले. वर्तमानपत्रं बंद पडली. मकेब तर त्याच सुमारास ओक्लाहोमाला निघून गेला, तिकडे कृष्णवर्णीयांचं नवं गाव वसवायला.

आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात याला 'सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर' म्हणतात. सगळी सिस्टिम एकाच गोष्टीवर टांगलेली, आणि ती गोष्ट दुसऱ्याच्या हातात. ती निखळली की खेळ खलास. प्रेअरीवरची कितीतरी गावं अशीच रेल्वे चुकली म्हणून मेली, आज त्यांचं नावही नकाशावर नाही. निकोडेमसही तसंच जायला हवं होतं.

ते का गेलं नाही? मला वाटतं याची दोन कारणं आहेत.

एक म्हणजे जमीन. व्यापारी गेले, पण शेतकऱ्यांच्या नावावर सातबारा (तिकडचा!) होता. आजोबा दुसऱ्याच्या मालकीचा आणि नातू १६० एकरांचा मालक, अशी घरं ती जमीन सहजासहजी सोडणार नव्हती. निकोडेमस बाजारपेठ म्हणून संपलं आणि शेतकऱ्यांचं गाव म्हणून राहिलं. १९०७ मध्ये बाप्टिस्ट चर्चची इमारत झाली, १९१८ मध्ये शाळेची नवी इमारत.

दुसरं कारण म्हणजे जत्रा. हो, मी जत्राच म्हणेन. १ ऑगस्ट १८३४ या दिवशी ब्रिटिशांच्या वेस्ट इंडीजमधल्या वसाहतींत गुलामगिरी बंद झाली. (कंपनी सरकारच्या ताब्यातला आपला मुलूख त्या कायद्यातून वगळला होता, आपल्याकडे तसा कायदा व्हायला १८४३ उजाडलं.) अमेरिकेतले कृष्णवर्णीय लोक स्वतः गुलामगिरीत असल्यापासून हा दिवस साजरा करत आले. निकोडेमसमध्ये १८७८ पासून हा मुक्तिदिन साजरा होऊ लागला. तोवर गव्हाची कापणीही उरकलेली असते. झाडीत तंबू पडायचे, भाषणं, बेसबॉल, भट्टीवर भाजलेलं मांस, रात्री नाच.

मग १९३०चं दशक आलं. मंदी, दुष्काळ आणि धुळीची वादळं, तिन्ही एकदम. १९३५ मध्ये गावात ७६ माणसं उरली. आणि या पडत्या काळात, १९३९ मध्ये, सरकारी रोजगार योजनेतून गावात चुनखडीच्या दगडाचा भलामोठा टाउनशिप हॉल बांधला गेला. या कामाने हातांना रोजगार मिळाला हे खरंच, पण शंभर माणसंही नसलेल्या गावाला हॉल हवा कशाला? जे गेलेत ते येणार, आणि आले की सगळ्यांना एकत्र बसायला जागा हवी, असाच हिशोब असला पाहिजे. १९५० मध्ये वस्ती १६ वर आली. १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं. शाळाही गेली. पण डेन्व्हर, टोपेका, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया असे कुठे कुठे पांगलेले लोक दर वर्षी येतच राहिले. आज त्याला 'होमकमिंग' म्हणतात, जुलैच्या शेवटच्या आठवड्याच्या अखेरीला असतं. गणपती-शिमग्याला गाव गाठणाऱ्या कोकणातल्या चाकरमान्याला यातलं काहीच समजावून सांगायला नको.

याच गावात १९३२ साली जन्मलेला व्हेरिल स्विट्झर १९५४ मध्ये ग्रीन बे पॅकर्स या नामवंत फुटबॉल टीमने पहिल्याच फेरीत निवडलेला खेळाडू. पुढे तो कॅन्सस स्टेट युनिव्हर्सिटीत अधिकारी झाला. त्याने गावची शेती सोडली नाही. २०२२ मध्ये तो वारला.

या पांगलेल्या मंडळींनीच पुढे गाव वाचवलं. १९७६ मध्ये निकोडेमस राष्ट्रीय ऐतिहासिक खूण म्हणून नोंदलं गेलं, १९८८ मध्ये वंशजांनी इतिहास मंडळ काढलं, आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये गाव राष्ट्रीय उद्यान सेवेच्या यादीत गेलं. दोन चर्च, हॉटेल, शाळा आणि टाउनशिप हॉल अशा पाच इमारती त्यात येतात. यादवी युद्धानंतरच्या काळात कृष्णवर्णीयांनी मिसिसिपीच्या पश्चिमेला वसवलेल्या गावांपैकी आजही टिकून असलेलं हे सर्वात जुनं गाव.

अर्थात यात फार भाबडं होण्यात अर्थ नाही. वर्षातून तीन दिवस भरणाऱ्या मेळ्याने शाळेत पोरं येत नाहीत आणि पोस्ट परत उघडत नाही. सरकारी पाटी लागली की इमारत टिकते, शेजार टिकतोच असं नाही. वंशजांपैकी शेती करणारे आता अगदी मोजके उरलेत. उरलेली वीसेक माणसंही उद्या नसली, तर लोक येणार कुणाकडे, हा प्रश्न खराच आहे.

पण जनगणनेचे आकडे बघून या गावाचा हिशोब लागत नाही, एवढं नक्की. १८७८ मध्ये विलियानाबाईंना गाव दिसलं नाही कारण ते जमिनीखाली होतं. आज दिसत नाही कारण ते चार-पाच राज्यांत पसरलंय. जुलैच्या अखेरीस टाउनशिप हॉलसमोर गाड्या लागायला लागतात, तेव्हा ते दिसतं.

पुढच्या शनिवारी भेटूच.