पवनी पायी पाहताना : विदर्भाच्या काशीखालचं बौद्ध नगर

पवनीच्या बसस्टँडवर उतरून कुणालाही विचारा, इथं पाहण्यासारखं काय आहे? उत्तर ठरलेलं. पंचमुखी गणेश, वैनगंगेचे घाट, वैजेश्वर, मुरलीधर, वेळ उरला तर किल्ला. विदर्भाची काशी म्हणतात पवनीला. मंदिरांची संख्या पाहता ते नाव काही उगाच पडलेलं नाही. पण काशी म्हटलं की पवनीचा इतिहास मंदिरांपासून सुरू होतो आणि मंदिरांपाशीच संपतो. त्याआधीची हजारेक वर्षं कुठं गेली?

आम्ही एका रविवारी पवनी पायी पाहायची ठरवली, ती हा प्रश्न मनात ठेवूनच. आज भंडारा जिल्ह्यातलं हे तालुक्याचं गाव, नगरपरिषदेचं. नागपूरहून उमरेड-भिवापूर मार्गे दोनेक तासांत पोचता येतं. (नागपूर जिल्ह्यातही रामटेककडे एक पवनी आहे. एसटीत बसताना नीट विचारून बसा.) पण मौर्य आणि सातवाहन काळात हे मोठं नगर होतं आणि त्याची सीमा आजही पायाखाली येते. जुन्या गावाभोवती तीन बाजूंनी मातीचा प्रचंड तट आणि त्याबाहेर खंदक, चौथ्या बाजूला वैनगंगा. आपण ज्याला किल्ला म्हणतो तो दगडी दरवाजा आणि बुरूज फार नंतरचे. त्यांना पोटाशी धरून बसलेला मातीचा तट त्यांच्याहून कितीतरी जुना आहे. तटावरून चालत गेलं की नगराचा पसारा किती होता याचा अंदाज पायांनाच येतो. खंदक खणायला आणि तट घालायला किती हजार माणसं राबली असतील? राजांची नावं ताम्रपटावर राहतात, टोपली वाहणारांची कुठंच नाही.

जुन्या गल्ल्यांतून भराभर पुढं गेलो. पवनी एकेकाळी रेशीमकाठी बारीक कापडासाठी ओळखली जायची, ते कोष्ट्यांच्या मागावरचं. जाडंभरडं कापड विणणारे महार विणकर विदर्भात गावोगाव होते, पण त्यांच्या कापडाचं कौतुक कुणी लिहून ठेवलं नाही. घाटावर थोडं थांबलो. पायऱ्या सुरेख आहेत, नदीचं पात्र रुंद. याच तालुक्यात गोसेखुर्दचं धरण आहे, १९८८ साली राजीव गांधींच्या हस्ते भूमिपूजन झालेलं. धरणग्रस्तांचं दुःख हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे, इथं नको.

खरी पवनी मातीच्या टेकड्यांत आहे. एक जगन्नाथ टेकडी, दुसरी चांडकापूरची. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी मिळून इथं उत्खनन केलं. डॉ. शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांनी ते चालवलं आणि १९७२ साली अहवाल प्रसिद्ध झाला. जगन्नाथाच्या देवळाखालच्या टेकडीत निघाला तो विस्ताराने सांचीच्या पंगतीला बसणारा स्तूप. विटांचा अंड, भोवती प्रदक्षिणापथ, दगडी वेदिका, कोरलेले खांब आणि त्या खांबांवर ब्राह्मी अक्षरं. चांडकापूरच्या टेकडीतही स्तूपच निघाला.

आता त्या अक्षरांत काय आहे ते वाचा. राजाची प्रशस्ती नाही. बहुतेक मजकूर एवढाच, की अमक्याने किंवा अमकीने हे दान दिलं. विसमिता नावाच्या एका बाईने दान दिलं आणि सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी ते असो असं कोरून घेतलं. स्वर्ग मागितला नाही, मुलगा मागितला नाही. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेकाठच्या एका बाईच्या हाती स्वतःची मिळकत होती, ती स्वतःच्या नावाने देता येत होती आणि ते नाव दगडावर राहत होतं. स्त्रीला धनाचा अधिकार नाही असं सांगणारी मनुस्मृती यानंतरची आहे. आधी काय होतं आणि नंतर काय लादलं गेलं, हा क्रम इथं दगडातच दिसतो.

दुसरा लेख नाग नावाच्या माणसाचा. त्याचं विशेषण आहे पंचनेकायिक, म्हणजे पाच निकाय जाणणारा. दीघ, मज्झिम, संयुत्त, अंगुत्तर आणि खुद्दक हे सुत्तपिटकाचे पाच भाग. हाच शब्द भरहूतला आणि सांचीलाही सापडतो. म्हणजे त्या काळी बुद्धवचनाची पाच निकायांत मांडणी झालेली होती आणि ती मुखोद्गत असलेला विद्वान आजच्या भंडारा जिल्ह्यात होता. झाडीपट्टीला मागास म्हणून नाकं मुरडणाऱ्या पुण्या-मुंबईच्या मंडळींनी हे एकदा वहीत लिहून घ्यावं.

आणि तिसरा, मुचलिंद नागाचा खांब. बुद्धाची मूर्ती घडवण्याची प्रथा तेव्हा सुरू झालेली नव्हती, म्हणून आसन रिकामं आहे आणि त्यावर फणा धरून नाग उभा आहे. बोधिप्राप्तीनंतर पावसात बुद्धावर छत्र धरणारा तो हाच मुचलिंद. त्याचं नावही कोरलेलं आहे.

१५ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी दीक्षेसाठी हेच शहर का निवडलं ते सांगितलं होतं. या भागात नाग लोक राहत, बुद्धाचा धम्म पसरवला तो त्यांनी. विरोधकांनी तेव्हा या विधानाची टिंगल केली, आजही करतात. त्या भाषणानंतर तेरा-चौदा वर्षांनी पवनीत कुदळ पडली आणि नाग नावाचा निकायधर आणि मुचलिंद नाग दोघेही जमिनीतून वर आले. आम्ही इथं काळजीपूर्वक बोलू. एका खांबावरून आणि एका नावावरून आजच्या कुठल्या जातीची वंशावळ सिद्ध होत नाही, आणि बाबासाहेबांचा धम्म रक्तावर उभाही नाही. पण विदर्भात नाग आणि बुद्ध यांचं नातं बाबासाहेबांनी कल्पनेने जोडलं, असं म्हणायला आता जागा उरत नाही. १९५४ साली याच भंडारा मतदारसंघातून ते लोकसभेची पोटनिवडणूक लढले आणि हरले. त्यांचा पुरावा तेव्हा याच जिल्ह्याच्या मातीत पुरलेला होता.

टेकडीवर एक म्हातारी माय भेटली. कुठून आले, कायसाठी आले, चौकशी झाली. स्तूप पाहायला आलो म्हटल्यावर ती म्हणाली, “मंग इथंच उभे आहा ना जी तुमी. हे अख्खी टेकडीच थे आहे.” याहून नेमका मार्गदर्शक शोधून सापडणार नाही.

पायी हिंडून गाव पाहणं आपल्या माणसांसाठी कधीच साधी गोष्ट नव्हती, हे तरुण वाचकांना सांगायला हवं. १९३४ साली बाबासाहेब तीसेक सहकाऱ्यांसह वेरूळ-दौलताबाद पाहायला निघाले होते. दौलताबादच्या किल्ल्याच्या दारातल्या टाक्यावर त्यांनी धुळीने भरलेले हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून मुसलमानांचा जमाव शिव्या देत धावून आला. रमजानचे दिवस होते. शेवटी किल्ल्यात पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारी शिपाई घेऊन त्यांना आत जाता आलं. चवदार तळ्याला सात वर्षं झाली होती. कोलंबिया आणि लंडनची पदवी घेतलेला बॅरिस्टर स्वतःच्या देशातला किल्ला पहाऱ्यात पाहतो! हा प्रसंग त्यांनीच लिहून ठेवला आहे. म्हणून आम्ही पवनीच्या घाटावर ओंजळीने पाणी घेतो आणि टेकडीवर मोकळे चढतो, तेव्हा ती सहल नसते.

आता मुद्द्याचं. आमच्यातलेच काही तरुण म्हणतात, स्तूपावरचं देऊळ हटवा. राग समजतो, मागणी पटत नाही. १९९१ चा कायदा १५ ऑगस्ट १९४७ रोजी प्रार्थनास्थळाचं जे स्वरूप होतं ते राखायला सांगतो, आणि उद्या इतरांच्या वास्तूंवर कुणी कुदळी घेऊन निघालं तर आपण याच कायद्याकडे बोट दाखवणार आहोत. शिवाय विसमितेचं दान सर्व प्राणिमात्रांसाठी होतं, त्यात देवळात येणारी मायही आली. पण देवळाखाली काय आहे हे लपवण्याचा अधिकारही कुणाला नाही. त्या टेकडीला तिच्या पूर्ण इतिहासासह नाव मिळालं पाहिजे, मोठ्या अक्षरात आणि मराठीत. इंग्रजी अहवाल पवनीच्या शाळेतल्या पोरांना मराठीतून वाचता आला पाहिजे. महाक्षत्रप रुपिअम्माचा पवनीत सापडलेला स्तंभलेख नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात आहे. अशा वस्तूंच्या प्रतिकृती तरी गावात हव्यात, कारण पवनीच्या मुलाला पवनी पाहायला नागपूरचं तिकीट काढावं लागू नये.

पर्यटक तर येतातच. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यासाठी जिप्स्या भरून जातात. २०१६ साली तिथला ‘जय’ वाघ दिसेनासा झाला तर देशभर शोधाशोध झाली. वाघाची काळजी घ्यावीच. पण त्याच जिप्सीने परतताना तासभर टेकडीशी थांबायला काय हरकत आहे?

जाणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो. सकाळी ऊन चढायच्या आत तटावरून चाला, दुपारी गल्ल्या आणि घाट, आणि जगन्नाथ टेकडी व चांडकापूर चार वाजल्यानंतर ठेवा. पायात बूट हवेत, पाण्याची बाटली हवी. जवळच रुयाड येथे जपानी बौद्धांच्या सहकार्याने उभा राहिलेला नवा महास्तूप आहे, तिथंही जा. पण आधी जुना पाहून मग.

जयभीम.