नेमोचा देश कुणी पुसला?

जुनी विज्ञानकथा निखळ विज्ञानाची होती. नव्या लेखकांनी तीत राजकारण घुसवलं आणि जादूही मिसळली, असं चांगले जाणते वाचकसुद्धा ठामपणे सांगतात. दाखला म्हणून बहुतेक वेळा ज्यूल व्हेर्नचं नाव पुढे येतं. हा पूर्वपक्ष व्हेर्नपाशीच कोसळतो.

‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ १८६९-७० मधली. व्हेर्नच्या मनातला कॅप्टन नेमो पोलिश होता, आणि रशियनांनी केलेल्या कुटुंबाच्या संहाराचा सूड घ्यायला तो समुद्रात उतरला होता. प्रकाशक हेत्झेल याने हे चालू दिलं नाही; रशियातली विक्री बुडाली असती. म्हणून नेमोचा संताप कादंबरीत राहिला, देश तेवढा पुसला गेला. ‘मिस्टीरियस आयलंड’मध्ये (१८७४-७५) तो बुंदेलखंडचा राजपुत्र डाकार निघाला, १८५७ च्या उठावात लढलेला. तेव्हा इंग्रजी अनुवादात इंग्रज राजवटीवरची टीकाच बदलून टाकण्यात आली. राजकारण मुळात होतंच, ते काढलं गेलं.

आणि विज्ञान? मर्सियर लुईसच्या १८७०च्या दशकातल्या इंग्रजी अनुवादाने पहिल्या कादंबरीचा जवळजवळ पाचवा हिस्सा गाळला, त्यात विज्ञानाची पानंही गेली. उरलेल्या मजकुरात ‘नॉटिलस’चं पोलाद पाण्याहून हलकं ठरलं! वॉल्टर जेम्स मिलरने १९६५ मध्ये ही मोडतोड दाखवून देईपर्यंत इंग्रजी वाचकांच्या पिढ्या हाच व्हेर्न वाचत होत्या. भा. रा. भागवतांनी मराठी मुलांना व्हेर्नची गोडी लावली, हे ऋण मोठं आहे. पण लहानपणी संक्षिप्त रूपात वाचलेल्या पुस्तकाच्या आठवणीवर एका अख्ख्या परंपरेचा निवाडा करू नये.

अभिजात म्हणवणाऱ्या इतर पुस्तकांतही राजकारण आणि जादू दोन्ही दिसतात. वेल्सच्या ‘टाइम मशीन’मधले (१८९५) एलॉय आणि मॉरलॉक म्हणजे मालक-मजुरांतली दरी टोकाला नेलेली. बरोजचा जॉन कार्टर १९१२ साली मंगळावर पोचला तो यानाशिवाय, नुसता आकाशाकडे हात पसरून. खुद्द व्हेर्नने तोफेतून चंद्राकडे धाडलेली माणसं त्या धक्क्याने जागीच चिरडली असती.

आज दुकानांतले कप्पे खंडामागून खंड निघणाऱ्या अद्भुतकथांनी भरलेत आणि त्यांतल्या बऱ्याच पोकळ आहेत, हे मान्य. पण अँडी वीअरचा ‘द मार्शियन’ (२०११) वाचावा. एकटा पडलेला अंतराळवीर बटाटे, पाणी आणि उष्मांक यांचा हिशेब पानोपानी मांडतो. पुस्तक होण्याआधी ते प्रकरणागणिक प्रसिद्ध होत होतं, तेव्हा वाचकांनीच लेखकाच्या शास्त्रीय चुका दाखवल्या आणि त्याने त्या दुरुस्त केल्या. निखळ विज्ञानाची भूक असलेला वाचक आजही आहे, हा त्याचा पुरावा.

लिऊ त्सिशिनच्या ‘थ्री-बॉडी प्रॉब्लेम’मध्ये तर दोन्ही धागे एकत्र येतात. तीन ताऱ्यांच्या गतीचं न सुटणारं गणित आणि चीनच्या सांस्कृतिक क्रांतीत जमावापुढे मारला गेलेला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक एकाच कथेत आहेत. त्या हत्येने मुलीचा माणसांवरचा विश्वास उडतो, आणि पुढची सगळी कथा तिथूनच घडते. लेखकाला हा प्रसंग सुरुवातीलाच हवा होता. चीनमध्ये २००८ साली पुस्तक निघालं तेव्हा सेन्सॉरच्या धास्तीने तो मधल्या पानांत ढकलावा लागला. २०१४ च्या केन लिऊच्या इंग्रजी अनुवादात तो पुन्हा सुरुवातीला आला.