मुलांचं फॅटी लिव्हर : मुलगा आणि मुलीचा रिपोर्ट एकाच मापाने वाचू नका

फॅटी लिव्हर म्हटलं की दारू पिणारा, पन्नाशीतला माणूस डोळ्यांपुढे येतो. पण दारूशी काही संबंध नसलेल्या शाळकरी मुलांमध्येही हा आजार आहे, आणि मुलगा व मुलगी यांच्यात तो वेगळा वागतो. घरी आलेल्या रिपोर्टवर मात्र हा फरक बहुधा दिसत नाही.

यकृताच्या ५ टक्क्यांहून जास्त पेशींत चरबी साठली की त्याला फॅटी लिव्हर म्हणतात. २०२३ मध्ये तज्ज्ञांनी या आजाराचं नाव बदलून ‘एमएएसएलडी’ केलं. कागदावर ही अक्षरं दिसली तर नवा रोग समजू नये, जुन्या ‘एनएएफएलडी’चंच हे नवं नाव आहे.

अमेरिकेतल्या सॅन दिएगो इथे १९९३ ते २००३ या काळात शवविच्छेदन झालेल्या २ ते १९ वर्षांच्या ७४२ मुलांची यकृतं तपासली गेली. त्यावरून काढलेलं प्रमाण मुलांमध्ये ११.१ टक्के, तर मुलींमध्ये ७.९ टक्के. लठ्ठ मुलांमध्ये ते ३८ टक्क्यांवर गेलं. आपल्याकडे दिल्लीच्या एम्समधील डॉक्टरांनी २०२२ मध्ये देशातले अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा मुलांमधलं प्रमाण सुमारे ३५ टक्के निघालं. त्यात लठ्ठ मुलांचं प्रमाण बरंच जास्त होतं, म्हणजे वर्गातला प्रत्येक तिसरा मुलगा आजारी असा अर्थ काढू नये.

मुलांना जास्त का? वयात येताना मुलींची चरबी मांड्या आणि नितंबांवर, कातडीखाली साठते. मुलांची पोटात, आतड्यांभोवती साठते आणि तीच यकृताला जास्त छळते. मुलींना इस्ट्रोजेनचंही काहीसं संरक्षण असतं. बाधित मुलांमध्ये, रक्तवाहिन्या यकृतात शिरतात त्या भागाभोवती चरबी आणि सूज असण्याचा प्रकार मुलींपेक्षा जास्त आढळतो.

म्हणून मुलीचे पालक निर्धास्त राहतात, आणि इथेच घोटाळा होतो. पाळी अनियमित, चेहऱ्यावर केस, वजन वाढतंय, म्हणजे पीसीओडीची लक्षणं असतील तर तिचा धोका वाढलेला असतो. अशी मुलगी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाते, पाळीच्या गोळ्या मिळतात, यकृताचा विषयच निघत नाही. मानेभोवती काळपट, मखमली पट्टा असेल तर तो मळ नव्हे, घासून जाणार नाही. इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती खूण आहे, मुलगा असो की मुलगी.

आता रिपोर्ट. एसजीपीटी ही यकृताची साधी रक्ततपासणी. लॅबच्या कागदावर छापलेली मर्यादा बहुधा मोठ्या माणसांची, ४० च्या आसपासची असते. बालरोग पोटविकारतज्ज्ञांच्या उत्तर अमेरिकी संघटनेने २०१७ मध्ये दिलेली मर्यादा मुलांसाठी २६ आणि मुलींसाठी २२ आहे. म्हणजे मुलीचा ३८ आकडा लॅबच्या हिशोबात ‘नॉर्मल’, प्रत्यक्षात पावणेदोन पट. लठ्ठ मुला-मुलींची ही तपासणी ९ ते ११ वयात करावी, असं ती संघटना सांगते. मुलाचा आकडा ५२ किंवा मुलीचा ४४ याच्या वर तीन महिन्यांहून जास्त काळ राहिला तर पुढची तपासणी हवी. ८० च्या वर गेला तर थांबू नये.

एका तारखेच्या शिल्लकीवरून धंदा कळत नाही, असं आम्ही कॉमर्सवाले म्हणतो. एसजीपीटीचंही तसंच. चरबी असूनही आकडा चांगला येऊ शकतो. सोनोग्राफीलाही थोडी चरबी निसटते.

उपचार म्हणजे मुख्यतः खाणं आणि हालचाल. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात ११ ते १६ वयाच्या ४० बाधितांपैकी निम्म्यांना आठ आठवडे वरून घातलेली साखर जवळजवळ बंद केली, घरातल्या सगळ्यांसाठीच. त्यांच्या यकृतातली चरबी २५ टक्क्यांवरून १७ वर आली. कोल्ड्रिंक, पाकिटातला ज्यूस, चहाबरोबरची बिस्किटं, रोजची मिठाई, यातलं आधी काय बंद करायचं ते घराने ठरवावं. पोरालाच एकट्याला उपाशी बसवून जमत नाही. या प्रयोगात सगळे मुलगेच होते, एकही मुलगी नव्हती.

मुलगी सडपातळ दिसते म्हणून किंवा मुलगा गुबगुबीत आहे म्हणून घरीच निष्कर्ष काढू नये. मुलांमध्ये यकृताचा आकडा वाढण्यामागे हिपॅटायटिस किंवा शरीरात तांबं साठणारा विल्सन आजारही असू शकतो. विल्सनवर औषध आहे, पण ते वेळेत सुरू व्हावं लागतं. त्यामुळे फॅटी लिव्हरचा शिक्का मारण्याआधी डॉक्टरांना या दोन्हींबद्दल जरूर विचारा.