पूर्णाखोऱ्याचा अभ्यास : प्रस्तावना

श्रावणात गांधीग्रामला पूर्णेचे पाणी कावडींत भरून अकोल्याच्या राजराजेश्वराला नेतात. त्याच नदीच्या दोन्ही काठांवरच्या कितीतरी गावांत मात्र विहिरीचे पाणी पिववत नाही. नदीचा भूगोल शिकू पाहणाऱ्याने इथूनच सुरुवात करावी.

बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम पावून ही पूर्णा अमरावती, अकोला, बुलढाणा ओलांडते आणि जळगाव जिल्ह्यात चांगदेवजवळ तापीला मिळते. गोदावरीला मिळणारी मराठवाड्यातली पूर्णा वेगळी. संदर्भ शोधताना ही गल्लत टाळावी. उत्तरेला गाविलगडाची रांग उभी आहे आणि तिच्या पायथ्याशी मोठा प्रस्तरभंग आहे. त्याच्या दक्षिणेची जमीन खचली, आणि ती खोलगट जागा नद्यांनी गाळाने भरून काढली. काही ठिकाणी हा गाळ शेकडो मीटर जाड आहे. त्यात ज्वालामुखीच्या राखेचे थरही सापडले आहेत. चिकण काळी माती आणि अगदी मंद उतार यांमुळे पाणी धड मुरत नाही, धड वाहूनही जात नाही. सैबेरियातल्या टुंड्रात नदीकाठचे पाणी कायम गोठलेली जमीन अडवते; वऱ्हाडात ते काम ही माती करते. उन्हाने पाणी उडते, क्षार मागे राहतात. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना सुमारे साडेचार हजार चौरस किलोमीटरचा खारपाणपट्टा तयार झाला आहे.

या पट्ट्याची उत्तरेकडची कड मला सर्वांत महत्त्वाची वाटते. पायथ्याच्या दगडगोट्यांच्या गाळात गोडे पाणी आहे, म्हणून अचलपूरकडे संत्र्याच्या बागा आणि अंजनगाव सुर्जीला पानपिंपळीचे मळे. थोडे दक्षिणेला दर्यापूरकडे उतरले की शेतकरी पावसाच्या ओलीवर हरभरा घेतो, कारण विहिरीचे पाणी दिले तर जमीनच बिघडते. नकाशावर ही रेघ बोटभर अंतराची आहे; पीक, कर्ज, सोयरीक, सगळे तिच्याभोवती फिरते.

लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर 1870 चे. अकोल्याचे कृषी विद्यापीठ 1969 पासूनचे. मातीवर पुष्कळ काम झाले आहे. नदी, आरोग्य आणि गावाची आठवण एकत्र पाहणारे काम मात्र अजून थोडे आहे. त्यासाठी भूगोलाचीच पदवी हवी असे नाही. डॉक्टर, शिक्षक, शेतकरी, सर्वांचे इथे स्वागत आहे. आपल्या गावच्या एका विहिरीची पातळी आणि क्षारता पावसाळ्याआधी व नंतर मोजा, वहीत तारखेसह लिहा आणि ती वही पुढच्या वर्षीही चालू ठेवा.