खानदेशची खिडकी आणि पांखरें

खानदेशांतील जुन्या घरांची खिडकी लहान असे. धाब्याचें छत, मातीच्या जाड भिंती आणि त्यांत हातभर लाकडी गजांची खिडकी, एवढ्या बळावर वैशाखाचा दाह बाहेर थोपवावयाचा, अशी येथील घरबांधणीची रीत. श्रीमंतांच्या वाड्यांस कोरीव जाळ्या असत. उन्हाळ्यांत बाहेरून वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी शिंपीत. अशा खिडकीवर आपटून पांखरूं मरण्याचें कारणच नव्हतें. चिमणी गजांतून आंत शिरे, तसबिरीमागें घरटें करी आणि आरशांतल्या सवतीशीं दिवसभर भांडे. पण तें भांडण निराळें. आरशाला चोंच मारणारी चिमणी दमते, मरत नाहीं.

मोठी कांच आली आणि गोष्ट पालटली. १९५९ सालीं इंग्लंडांतील पिल्किंग्टन कंपनीनें वितळलेल्या कथलावर कांच पसरून ती सपाट करण्याची युक्ति जाहीर केली. पुढें भिंतीएवढी नितळ कांच सर्वत्र सुलभ झाली. तींत बाहेरचा निंब व आकाश जसेंच्या तसें उमटतें. समोरासमोर दोन तावदानें असलीं तर पलीकडचें झाड आरपार दिसतें. माणूस चौकट पाहून कांच ओळखतो, आणि तोही कधीं कधीं कपाळ आपटून घेतोच! पांखराला चौकटीचा अर्थ काय ठाऊक? पावसाळ्याच्या तोंडीं महाराष्ट्रांत येणारा नवरंग पक्षी असाच आपटून पडलेला अनेकदां सांपडतो.

ह्या प्रश्नाचा पहिला कसोशीचा अभ्यास अमेरिकेंत डॅनियल क्लेम ह्यांनीं केला; त्यांचा प्रबंध १९७९ चा. कांचेवर ससाण्याची काळी आकृति चिकटवावी म्हणजे पांखरें भिऊन दूर राहतात, ही समजूत त्यांनीं खोटी ठरविली. एका आकृतीला वळसा घालून पांखरूं शेजारच्या मोकळ्या कांचेवर जातें. उभ्या रेषा चार इंचांवर किंवा आडव्या रेषा दोन इंचांवर असल्या, तर मात्र तें मार्ग बदलतें. खूण बाहेरच्या अंगास हवी. आंतला पडदा प्रतिबिंब पुसूं शकत नाहीं. शिकागो येथें ५ ऑक्टोबर १९२३ नव्हे, तर अगदीं अलीकडे, २०२३ च्या ५ ऑक्टोबरास, एकाच इमारतीपाशीं सुमारें हजार पांखरें मेलेलीं सांपडलीं. पुढील वर्षीं तिच्या कांचांस बारीक ठिपक्यांचा पापुद्रा लावला, आणि ही संख्या एकदम खालीं आली.

हें वाचून आम्हांस आमच्या वाळ्याच्या पडद्याची आठवण झाली. तो थंडाव्यासाठीं होता, पण बाहेरून होता!

जळगांवचें विद्यापीठ १५ ऑगस्ट १९९० रोजीं स्थापन झालें. जळगांव व धुळें, आणि १९९८ त धुळ्यांतून निघालेला नंदुरबार, हे त्याचे जिल्हे. २०१८ पासून त्यास असोद्याच्या बहिणाबाई चौधरींचें नांव आहे. सुगरणीच्या खोप्यावर जिनें कविता रचली, तिच्या नांवाच्या विद्येच्या घरीं पांखराचा विचार सर्वांआधीं व्हावा, ही अपेक्षा गैर नव्हे. त्यास खर्चही थोडा. झाडांसमोरच्या कांचांवर बाहेरून चार-चार इंचांवर दोऱ्या सोडाव्या, रात्रीं नको ते दिवे मालवावे, आणि नवी इमारत काढतांना जाळीचा नकाशा मागवावा. कोणती कांच घातक, हें मात्र सकाळची झाडलोट करणाऱ्यास प्रथम विचारावें. पडलेलीं पांखरें त्याच्याच केरसुणीला लागतात.