हवा काढून स्प्रिंगा बसवणारी माणसं

गाडीच्या पोटाखाली काय चाललंय याचा विचार आपण सहसा करत नाही. खड्डा आला की तेवढ्यापुरता करतो. पण जगात काही मंडळी अशी आहेत, की ज्यांनी एकाच गाडीच्या चार चाकांपाशी बसवलेल्या चार वस्तूंवरून वर्षानुवर्षं वाद घातला. गाडी म्हणजे रेंज रोव्हर, आणि वादाचा विषय असा: कारखान्यातून आलेले हवेचे रबरी फुगे काढून त्या जागी साध्या लोखंडी स्प्रिंगा बसवाव्यात की नाही?

वरवर पाहिलं तर हा गॅरेजातला विषय. मला मात्र त्याचा इतिहास फार बोलका वाटतो. पैसे मोजून घेतलेली वस्तू खरोखर कितपत आपली असते, हा प्रश्न त्यात दडलेला आहे.

सुरुवात जरा मागून करू. १९४८ साली ॲमस्टरडॅमच्या मोटार प्रदर्शनात पहिली लँड रोव्हर लोकांसमोर आली, तेव्हा तिच्याखाली पाटे होते. आपल्या ट्रकला, जुन्या जीपला असतात तेच, एकावर एक रचलेले पोलादी पाटे. दणकट, स्वस्त आणि कुठल्याही लोहाराला समजणारे. फक्त आत बसलेल्या माणसाची हाडं खिळखिळी करणारे! रोव्हर कंपनीतल्या स्पेन किंग या इंजिनिअरला असं वाटत होतं, की रानातून जाणारी गाडी मऊ का असू नये? त्याने आणि गॉर्डन बॅशफर्डने मिळून जी गाडी आखली, ती १९७० साली रेंज रोव्हर म्हणून बाजारात आली. तिला पाटे नव्हते. लांब, मऊ कॉइल स्प्रिंगा होत्या. एक चाक दगडावर चढलं तरी दुसरं खड्ड्यात खोल उतरून जमीन धरून ठेवायचं. आराम आणि पकड, दोन्ही एकदम.

पण मऊ स्प्रिंगेची एक खोड असते. मागे सामान भरलं, ट्रेलर जोडला, की गाडी ढुंगणावर बसते. कडक स्प्रिंग घातली तर रिकामी गाडी उडते. त्यावर उपाय म्हणून मागच्या ॲक्सलवर बोगे कंपनीचा एक स्वयंचलित दांडा बसवला होता. गाडी थोडं अंतर चालली, की रस्त्याच्या हादऱ्यांनीच त्यात दाब तयार व्हायचा आणि मागची बाजू हळूहळू उचलली जायची. ना वीज, ना संगणक. मला तर ही युक्ती त्या सगळ्या गाडीतली सर्वात देखणी गोष्ट वाटते. पण मऊपणा आणि भार यांचं भांडण मिटवण्याची गरज तिथेच, पहिल्याच गाडीत दिसली होती, हेही खरं.

ते भांडण हवा फार छान मिटवते. मुंबई-पुणे शिवनेरीने प्रवास केला असेल, तर व्होल्वोच्या त्या बसमधला तरंगल्यासारखा अनुभव आणि मधूनच येणारा 'फुस्स' आवाज तुम्हाला आठवत असेल. ते एअर सस्पेन्शन. लोखंडी स्प्रिंगेचा ताठरपणा कारखान्यात एकदा ठरतो तो ठरतो. हवेच्या फुग्यात मात्र भार वाढला की कॉम्प्रेसर आणखी हवा भरतो. गाडीची उंची तीच राहते, आणि भाराबरोबर फुगाही तेवढाच ताठ होतो. म्हणजे एकटा ड्रायव्हर असो की भरलेली गाडी, चाल साधारण सारखीच.

मग सगळ्याच मोटारींना ही हवा का नाही? अमेरिकेत कॅडिलॅकने १९५७ च्या एल्डोराडो ब्रोहॅम या अतिमहाग गाडीत ती दिली होती. ती गळायची. गळतीला कंटाळून कित्येक मालकांनी हवा काढून टाकली आणि कॉइल स्प्रिंगा बसवल्या. म्हणजे पुढे जे घडणार होतं, त्याची रंगीत तालीम पस्तीस वर्षं आधीच झाली होती!

१९९२ साली रेंज रोव्हरची लांब आवृत्ती आली. दोन चाकांमधलं अंतर १०० ऐवजी १०८ इंच, आणि खाली संगणकाने चालणारं एअर सस्पेन्शन. १९९४ साली आलेल्या दुसऱ्या पिढीच्या गाडीत तर ते नेहमीचंच झालं. प्रत्येक चाकाशी एक फुगा आणि उंची मोजणारा एक सेन्सर, एक कॉम्प्रेसर, हवेची टाकी, झडपांचा एक ठोकळा आणि या सगळ्यांवर हुकूम चालवणारा संगणक. चढता-उतरताना गाडी खाली बसायची, हायवेवर वेग पकडला की आपोआप जवळपास इंचभर खाली यायची, आणि नदीनाला ओलांडताना बटण दाबलं की उंच व्हायची. लोखंडी स्प्रिंगेला हे सात जन्मांत जमणार नाही.

नव्याची नवलाई संपल्यावर खरी गोष्ट सुरू झाली. रबर म्हातारं होतं, त्याला चिरा पडतात. झडपांच्या ठोकळ्यातल्या बारीक रबरी रिंगा कडक होतात. रात्री नीट उभी केलेली गाडी सकाळी एका कुशीवर कललेली दिसायची. हवा गळते म्हणून कॉम्प्रेसर सारखा चालायचा, आणि सारखा चालला म्हणून एक दिवस जळायचा. मूळ दोष चिल्लर किमतीच्या रिंगेचा, भुर्दंड मोठा.

तरी इथपर्यंत हे कुठल्याही यंत्राचं म्हातारपण म्हणता येईल. वैताग पुढे होता. संगणकाला काही खटकलं, की तो दोष नोंदवून सगळी यंत्रणाच बंद करायचा. गाडी अनेकदा खाली रबरी ठोकळ्यांवर बसायची आणि समोर सूचना झळकायची, की ताशी ३५ मैलांच्या वर जाऊ नका. गळकी रिंग तुम्ही स्वतः बदललीत तरी नोंद तशीच राहायची. ती पुसायला कंपनीच्या वर्कशॉपमधलं 'टेस्टबुक' नावाचं यंत्र लागायचं. म्हणजे रोग बरा झाला, पण डिस्चार्जच्या कागदावर सही करणारा शंभर मैल लांब! ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात अडकलेल्या माणसाला याचा अर्थ काय, ते सांगायला नको.

इथे स्प्रिंगा परत आल्या. बाजारात त्यांचे तयार संच मिळू लागले. टाकीतली हवा सोडायची, फुगे काढायचे, स्प्रिंग बसेल अशा वाट्या लावायच्या, चार स्प्रिंगा चढवायच्या आणि संगणकाची कटकट बंद करायची. घराच्या अंगणात होण्यासारखं काम. काहींनी मधला मार्ग काढला: प्रत्येक फुग्याच्या नळीला चाकाला असतो तसा व्हॉल्व्ह जोडून ठेवला. संगणक रुसला, तर टायरच्या पंपाने हवा भरायची आणि घर गाठायचं.

यात काही गमावलं नाही असं नाही. उंची बदलण्याची सोय गेली, भार पडला की मागची बाजू पुन्हा बसू लागली. म्हणून हवेचे चाहते म्हणायचे, की तुम्ही गाडीचा आत्माच काढून टाकलात. स्प्रिंगवाले म्हणायचे, घरी पोचवत नाही तो आत्मा काय कामाचा?

गंमत पुढे आहे. २००० नंतरच्या दशकात काही हौशी मालकांनी त्या संगणकाची भाषा उलगडली. एक केबल, एक जुना लॅपटॉप आणि छोटासा प्रोग्रॅम, एवढ्यावर दोषाची नोंद घरच्या घरी पुसता येऊ लागली. झडपांच्या ठोकळ्यातल्या रिंगांचे संच आले, त्या कशा बदलायच्या याच्या सचित्र कृती लिहिल्या गेल्या. आणि मग स्प्रिंगा काढून पुन्हा फुगे बसवणारेही निघाले! फुगे तेच, रबर तेच, गळतीही तीच. बदललं होतं ते एवढंच, की किल्ली आता मालकाच्या खिशात होती.

माझ्या मते या सगळ्या इतिहासाचं सार इथेच आहे. लोक नव्या तंत्राला घाबरत नाहीत; कुलूप लावलेल्या तंत्राला घाबरतात.

पुढच्या गाड्यांत हा परतीचा रस्ता अवघड होत गेला. २००१ च्या तिसऱ्या पिढीत सलग ॲक्सल गेले आणि प्रत्येक चाक स्वतंत्र झालं. खडबडीत जागी डाव्या-उजव्या फुग्यांतली हवा एकमेकांना जोडून, एक चाक वर गेलं की दुसरं खाली दाबायचं, अशी सोय त्यात केली होती. तिथे स्प्रिंगा घातल्या तर ती चालच हरवते. २००८ साली टाटा मोटर्सने जॅग्वार आणि लँड रोव्हर २३० कोटी डॉलरला घेतल्या, २०११ पासून पुण्यात त्यांच्या गाड्यांची जुळणी सुरू झाली, आणि २०२४ साली खुद्द रेंज रोव्हरही तिथे जोडली जाणार हे जाहीर झालं. म्हणजे हा प्रश्न आता आपल्याही दारात आला आहे.

२०१९ साली नवी डिफेंडर आली, तेव्हा कंपनीने तिच्यात स्प्रिंग आणि हवा असे दोन्ही पर्याय ठेवले. वाद मिटला नाही हे त्यांनाही ठाऊक असावं. मिटावा असंही मला वाटत नाही. फक्त फ्रिजपासून फोनपर्यंत काहीही घेताना, हे बिघडलं तर उघडायचं कोणी, हा प्रश्न आपण दुकानातच विचारावा. गाडी ठोकळ्यांवर बसल्यावर विचारून उपयोग नसतो.